गालिच्याची उलटी बाजू

जुन्या गालिच्यांचा व्यापार करणाऱ्यांना चांगले परिचित असलेले एक कोडे आम्ही आधी मांडतो. गालिचा इराणी आहे. वय शंभर वर्षांच्या आसपास. वरची बाजू कोकमाच्या आगळाची आठवण व्हावी अशी गडद, जांभळट लाल. त्या लालीवर फुलापानांचे सुटे सुटे गुच्छ विखुरलेले. हाच गालिचा उलटा केला, की लाल रंग गायब होतो. मागे दिसतो तो फिकट, मातकट गुलाबी. फुले मात्र दोन्ही बाजूंना साधारण त्याच रंगांची आहेत.

हाताने विणलेल्या गालिच्यात असे व्हायला नको. असा गालिचा कसा बनतो ते पाहिले म्हणजे हे लक्षात येईल. मागावर ताण्याचे उभे धागे ताणलेले असतात. विणकर रंगीत लोकरीचा छोटा तुकडा घेते, ताण्याच्या दोन धाग्यांभोवती त्याची गाठ मारते आणि त्याची दोन टोके वर सोडून कापते. या टोकांचीच गालिच्याची मऊ लव बनते. गाठींची एक ओळ झाली, की आडवा धागा घालून ती ठोकून घट्ट बसवायची आणि पुढची ओळ सुरू करायची. मागच्या बाजूला दिसते ती त्याच गाठीची पाठ. लव आणि पाठ हे लोकरीच्या एकाच तुकड्याचे दोन भाग, आणि तो तुकडा मागावर येण्याआधीच रंगाच्या कढईत उकळून निघालेला. मग दोन्हीकडे दोन रंग कसे?

वर्गात हा प्रश्न टाकला तर पहिले उत्तर बहुधा ‘उन्हाने रंग उडाला’ असे येईल. उत्तर चांगले आहे, पण येथे लागू पडत नाही. उन्हाने उडतो तो वरच्या बाजूचा रंग. म्हणजे लव फिकी आणि पाठ गडद असे दिसायला हवे होते. येथे नेमके उलटे आहे. आणखी एक पुरावा मिळतो. गालिचा थोडा दुमडून लव बोटांनी फाकवली, की केसांची टोके लाल आणि बुडाशी, गाठीजवळ, तीच लोकर गुलाबी दिसते. याचा अर्थ लाल रंग वरून आला आणि पुरता खाली पोहोचला नाही. गालिचा विणून पूर्ण झाल्यावर कोणीतरी त्याला ब्रशने रंग दिला आहे, आणि तोही फुले वगळून!

हे कोणी आणि का केले, हे समजण्यासाठी आधी तो गुलाबी रंग कोठून आला ते पाहू.

पश्चिम इराणातील अराक हे शहर पूर्वी सुलतानाबाद या नावाने ओळखले जाई. त्याच्या उत्तरेच्या फराहान भागात सारूक नावाचे गाव आहे. या गावाचे नाव पुढे सगळ्या परिसरातील एका गालिचाप्रकाराला मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात इराणी गालिच्यांची मागणी वाढली, तेव्हा मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीने सुलतानाबादेत ठाण मांडले आणि गावोगावच्या घरांतून गालिचे विणून घेण्यास सुरुवात केली. विणणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. नक्षीचा नमुना व रंगवलेली लोकर बाहेरून यायची, माग घरातच असायचा.

या भागातील लाल रंगाचा आधार म्हणजे रुनास. आपल्याकडील मंजिष्ठेची ही जवळची बहीण. वनस्पतिशास्त्रात तिला रुबिया टिंक्टोरम म्हणतात, आणि आपली मंजिष्ठा रुबिया कॉर्डिफोलिया. रंग दोघींच्याही मुळांतून मिळतो. पण नुसत्या मुळांच्या काढ्यात लोकर उकळली तर रंग कच्चा बसतो. म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम लोकरीतील प्रथिनांना धरून बसते आणि मग रंजकाच्या रेणूलाही धरते. एका हाताने लोकर आणि दुसऱ्या हाताने रंग, असे म्हणा ना. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडचे रंगारीही मंजिष्ठेबरोबर तुरटीच वापरत. हजारो मैलांच्या अंतरावर एकच युक्ती सापडावी यात नवल नाही, कारण तुरटी स्वस्त आणि पांढरी आहे. ती स्वतःचा रंग त्यात मिसळत नाही.

अराक परिसरातील रंगारी यापुढे एक पाऊल टाकत. ते मंजिष्ठेच्या लालीला ताकाच्या निवळीची जोड देत. फारसीत ताकाला ‘दूग’ म्हणतात, त्यावरून या रंगाचे नावच ‘दूगी’ पडले. मंजिष्ठेतील रंजकांची छटा पाण्याच्या आम्लतेवर आणि त्यातील क्षारांवर फार अवलंबून असते. रंगाऱ्याला आम्लता मोजता येत नव्हती, पण ताक किती आंबले आहे हे नाकाला व जिभेला कळत होते. या खटाटोपातून जो मवाळ, किंचित मातकट गुलाबी रंग मिळे, तोच आपल्या कोड्यातील गालिच्याच्या पाठीवर आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण जुन्या रंगांविषयीच्या चर्चेत ‘वनस्पतीचा रंग पक्का, रसायनाचा कच्चा’ हे वाक्य हमखास येते. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमध्ये डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग बनवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मॅजेंटा आला. हे रंग झगझगीत आणि वापरायला सोपे होते, पण उन्हात टिकत नव्हते. इराणात ते पोहोचले तेव्हा गालिच्यांचे नाव खराब होईल या धास्तीने नासिरुद्दीन शाहाच्या राजवटीत १८८०च्या दशकात त्यांवर बंदी घालण्यात आली. आपल्याकडेही याबद्दल ओरड झाली. बेळगावात १८३२ साली जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकीय सेवेत काम केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानातील कारागिरीवर एक मोठे पुस्तक लिहिले. त्यात मॅजेंटासारख्या रंगांवर, आणि तुरुंगांत कैद्यांकडून विणून घेतलेल्या गालिच्यांवरही, त्यांनी कडाडून टीका केली आहे. तुरुंगातले असे गालिचे पुण्याला येरवड्यातही होत असत. बर्डवुडांचा राग त्या पहिल्या रंगांपुरता रास्तच होता. पण १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेत तयार केले होते. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतील मुख्य रंजक म्हणजे हेच अ‍ॅलिझरीन. रेणू तोच; मुळातून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, तुरटीला तो सारखाच चिकटतो. म्हणजे रंगाचा पक्केपणा त्याच्या जन्मस्थानावर ठरत नाही. रेणू कोणता आणि तो धाग्याला कसा बांधला आहे, यावर तो ठरतो. आपल्या गालिच्याच्या पुढील हकिगतीत हा मुद्दा पुन्हा लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर सारूक गालिच्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. तेथील मध्यमवर्गीयांच्या हाती पैसा आला होता आणि दिवाणखान्यात इराणी गालिचा असणे प्रतिष्ठेचे झाले होते. न्यूयॉर्कचे व्यापारी आपल्या गिऱ्हाइकाला आवडेल अशी नक्षी अराकच्या गावांतून विणून घेऊ लागले. मध्यभागी मोठे पदक असलेली जुनी रचना मागे पडून विखुरलेल्या फुलांची नवी रचना आली. व्यापारात या प्रकाराला आजही ‘अमेरिकन सारूक’ म्हणतात. लव जाड, वीण घट्ट, आणि बहुतेकांची जमीन, म्हणजे फुलांमागचा मोकळा भाग, त्या दूगी गुलाबी रंगाची.

अडचण अशी, की अमेरिकन गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, जुन्या गालिच्याला वर्षानुवर्षांच्या वापराने येते तशी रेशमी चकाकी. दुसरी, महोगनीच्या काळपट फर्निचरला शोभेल असा दाट लाल रंग. नव्या कोऱ्या गालिच्यात पहिली नव्हती आणि दूगीत दुसरी नव्हती.

चकाकीसाठी उपाय निघाला तो रासायनिक धुलाईचा. ब्लीचिंग पावडरसारख्या, क्लोरीन सोडणाऱ्या द्रावणाने गालिचे धुतले जाऊ लागले. लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलारू छपरासारखे खवले एकावर एक बसलेले दिसतात. या खवल्यांच्या कडांवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो. क्लोरीन त्या कडा खाऊन टाकतो, केस गुळगुळीत होतो आणि प्रकाश एका दिशेने परतू लागतो. हीच चकाकी. पण खवले हे केसाचे चिलखतही असते. ते गेले की लोकर कमजोर होते आणि लवकर झिजते. शिवाय क्लोरीन रंजकाच्या रेणूंनाही सोडत नाही. गडद रंगात रंजक भरपूर असते, थोडे गेले तरी फारसे कळत नाही. फिकट रंगात मुळातच थोडे, तेव्हा त्याचे नुकसान चटकन डोळ्यांत भरते. दूगीचे तसेच झाले. धुलाईतून बाहेर पडलेल्या गालिच्याची जमीन निस्तेज आणि विटकी दिसू लागली.

मग आला ब्रश. न्यूयॉर्कच्या परिसरातील कारखान्यांत कामगार गालिच्यावर वाकून, एकेका फुलाची कड सांभाळत, मोकळ्या जमिनीत गडद लाल रंग भरू लागले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आलेल्या सारूक गालिच्यांपैकी पुष्कळ या हातांखालून गेले. व्यापारात त्यांना ‘रंगवलेले सारूक’ असे साधे नाव आहे.

येथे रसायनशास्त्राचा एक गमतीदार योगायोग आहे. लोकरीला रंग देण्यासाठी ती सहसा गरम पाण्यात बराच वेळ उकळावी लागते, कारण खवले रंगाला आत शिरू देत नाहीत. विणलेला मोठा गालिचा काही उकळता येत नाही. पण क्लोरीनने खवले आधीच खाल्ले होते, आणि अशी लोकर कमी तापमानालाही रंग भराभर पिते. ज्या धुलाईने जुना रंग घालवला, तिनेच नव्या रंगाला दार उघडून दिले. ब्रशने दिलेला हा रंग कित्येक गालिच्यांवर शंभर वर्षे टिकून राहिला, याचे निदान एक कारण हे असावे असे आम्हाला वाटते.

आता थोडा हिशेब करू. नऊ फूट रुंद, बारा फूट लांब असा गालिचा घ्या. क्षेत्रफळ १०८ चौरस फूट, म्हणजे १५,५५२ चौरस इंच. दर चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या तर एकूण गाठी साडेपंधरा लाखांवर जातात. तरबेज हात दिवसाला आठ हजार गाठी मारतात असे धरले, तरी एका विणकरणीचे जवळजवळ १९५ दिवस होतात. दोघी बसल्या तर तीन महिने. त्याआधी रंगाऱ्याचे काम वेगळेच: मुळे कुटणे, तुरटीचे पाणी, ताकाची निवळी, नदीवर धुणे. इतके झाल्यावर मुख्य रंग समुद्रापलीकडे नेऊन पुसायचा आणि त्यावर दुसरा फासायचा!

मग अराकच्या रंगाऱ्यालाच गडद लाल रंग का सांगितला नाही? रुनासच्या मुळांत तोही होताच. त्याच भागातल्या जुन्या गालिच्यांत सुंदर लाल रंग सापडतात. आमच्या मते याचे उत्तर अंतरात आणि वेळेत शोधावे लागते. न्यूयॉर्कहून नमुना निघून अराकला पोहोचणार, लोकर रंगणार, गालिचा विणला जाणार, उंटांवरून, मोटारींवरून आणि बोटींवरून परत येणार, यात वर्ष सहज जाई. दुकानातली आवड तेवढी थांबत नाही. शिवाय धुलाईत कोणता रंग किती उतरेल याचा नेम नव्हता. तेव्हा शेवटची छटा बंदरावर, गिऱ्हाइकाच्या दाराशी ठरवणे व्यापाऱ्याला सोयीचे होते. सोयीचे होते म्हणून योग्य होते, असे मात्र नाही. या व्यवहारात रंगाऱ्याला आपला रंग पुसला जातो हे कधी कळलेही नसेल. त्याने दिलेली छटा लोकरीच्या पाठीवर शाबूत राहिली ती केवळ तेथे ब्रश पोहोचला नाही म्हणून.

१९२९च्या मंदीने हा व्यापार खिळखिळा केला. रंगवलेले गालिचे घरांत राहिले, वारसांकडे गेले, लिलावात आले. लव झिजत गेली तशी लाल टोके उडून खालचा गुलाबी डोकावू लागला. आणि आवडही फिरली! गेल्या काही दशकांत मवाळ, उतरलेल्या रंगांना मागणी आली, तेव्हा जुन्या गालिच्यांचे व्यापारी रंगवलेल्या सारूकांवरील लाल रंग पुन्हा रसायनांनी काढून टाकू लागले. म्हणजे त्याच लोकरीवर आधी क्लोरीन, मग रंग, मग तो काढण्यासाठी पुन्हा रसायने. कमजोर झालेल्या केसाला हे किती सोसावे?

काही जण म्हणतात की लाल थर ही भेसळ आहे, तो काढणे म्हणजे विणकरणीला न्याय देणे. आम्हाला हे तितकेसे पटत नाही. रंग काढल्यावर जो गुलाबी हाती येतो तो धुलाईने आधीच उतरवलेला असतो. मूळ दूगी नव्हेच. आणि तो लाल थरही आता शंभर वर्षांचा आहे. कोण्या अनाम कामगाराने फुलाच्या पाकळीला धक्का न लावता भरलेली ती जमीन हाही इतिहासाचा पुरावाच. गालिचा उलटा करून पाहणाऱ्याला दोन्ही हात दिसतात. एक काढला की एकच उरतो.

जुन्या बाजारात गालिचा घेणाऱ्याने मात्र रंगाच्या दुसऱ्या एका वापरापासून सावध राहावे. लव झिजून खालचा पांढरा सुती धागा उघडा पडला, की तो लपवण्यासाठी शाईने किंवा रंगीत पेनाने वरवर रंग देण्याची पद्धत सर्वत्र आहे. परीक्षा सोपी आहे. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळावा आणि गालिच्यावर घासावा. रुमालाला रंग लागला तर शंका घ्यावी. मग लव फाकवून पाहावी. टोके फिकी व बूड गडद असेल तर ऊन किंवा धुलाई. टोके गडद व बूड फिके असेल तर ब्रश.

आज आपण घरची जुनी सतरंजी किंवा गालिचा रंगवायचा म्हटले तर हाती येतो तो फॅब्रिक रंग. न्यूयॉर्कच्या कामगारांचा रंग आणि हा रंग यांत मोठा फरक आहे. तो रंजकाचा होता, धाग्याच्या आत शिरणारा. फॅब्रिक रंगात असतात रंगद्रव्याचे न विरघळणारे बारीक कण आणि पाण्यात विखुरलेले अ‍ॅक्रिलिक. पाणी उडून गेले की अ‍ॅक्रिलिकचे थेंब एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा बनतो, आणि कण त्यात अडकून धाग्याला बाहेरून चिकटतात. म्हणूनच हा रंग सुती, लोकरी, एवढेच काय, पॉलिप्रॉपिलीनच्या गालिच्यावरही थोडाफार बसतो. पॉलिप्रॉपिलीनला साधे रंजक जवळजवळ लागतच नाही. पण पापुद्र्याचा तोटाही आहे: लवेचे केस एकमेकांना चिकटून राठ होतात. रंग पाण्याने पातळ करून, ब्रश लवेच्या दोन्ही दिशांनी फिरवून, ओला असतानाच जुन्या कंगव्याने केस मोकळे केले तर हे बरेच टळते. विणीची सपाट सतरंजी असेल तर हा त्रास नाही.

आत शिरणारा आणि वर बसणारा रंग यांतील फरक वर्गात दाखवता येतो. पांढऱ्या खऱ्या लोकरीचा आणि पांढऱ्या सुताचा प्रत्येकी वीतभर धागा घ्या. एका भांड्यात पाणी, चिमूटभर खाण्याचा लाल रंग आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून दोन्ही धागे अर्धा तास मंद उकळा. गार झाल्यावर खळखळून धुवा. लोकर रंगलेली राहील, सुताचा रंग बहुतांश धुऊन जाईल. खाण्याच्या रंगाचे रेणू ऋण विद्युतभाराचे असतात. आम्लात लोकरीच्या प्रथिनांवर धन भार येतो आणि ती त्यांना धरून ठेवते. सुताच्या सेल्युलोजपाशी असा भार नाही. आता लोकरीच्या दुसऱ्या पांढऱ्या धाग्यावर फॅब्रिक रंग लावून वाळवा. दोन्ही धागे धारदार पात्याने आडवे कापून भिंगाखाली पाहा. उकळलेला धागा आतपर्यंत रंगलेला दिसेल, ब्रश लावलेल्याचे पोट पांढरे.

लोकरीवर क्लोरीन काय करतो तेही पाहता येईल. घरगुती ब्लीचच्या थोड्या द्रावणात लोकरीचा धागा टाकून ठेवला तर काही तासांत तो विरघळू लागतो. सुती धागा तसाच राहतो. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, उघड्या खिडकीजवळ करावा. आधीच्या प्रयोगातले लिंबाचे पाणी किंवा कोणतेही आम्ल त्या भांड्याच्या जवळपासही आणू नये. ब्लीचमध्ये आम्ल पडले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

शाळेची सतरंजी रंगवायचे ठरलेच, तर ती आधी धुऊन कडक उन्हात वाळवा आणि रंगाची चाचणी कोपऱ्यावर घ्या. सुती सतरंजीवरील रंग एक दिवस वाळल्यावर वर कापड ठेवून गरम इस्त्री फिरवली की पापुद्रा पक्का होतो. प्लॅस्टिकच्या धाग्यांवर इस्त्री चालत नाही. रंगवल्याचे वर्ष आणि वापरलेल्या रंगाचा प्रकार मागच्या बाजूला एका कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे ती धुणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.